१:२४ ची गाडी शेवटी खेळणंच का दिसते?

चिमटा
प्रश्न थोडक्यात मांडतो. टामिया या जपानी कंपनीचं १:२४ किट, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोवीसाव्या भागाएवढं, स्वतः जोडून रंगवायचं प्लास्टिकचं मॉडेल. जोड कुठे उघडे नाहीत, रंगाला ओघळ नाही, डेकल (चिकटवायची चित्रं-अक्षरं) सरळ, काचेवर डाग नाही. सूचनापत्रकात सांगितलेलं सगळं केलेलं आहे. तरी कपाटात ठेवल्यावर ती गाडी वाटत नाही, खेळणं वाटतं. तेच किट दुसऱ्या कुणी केलेलं फोटोत बघावं, तर रस्त्याकडेला उभी केल्यासारखी दिसते. पार्ट तेच, रंगाचा डबाही तोच. मग फरक पडतो कुठे? 'सराव करा' हे उत्तर पाठ आहे, ते सोडून सांगा. आधी काय सुधारायचं, हा खरा प्रश्न.

चोवीसने_भागा
उत्तर माझ्या आयडीतच आहे :)

खऱ्या गाडीचं कुठलंही माप घ्या आणि चोवीसने भागा. किंवा किटमधल्या पार्टचं माप घेऊन चोवीसने गुणा, म्हणजे खेळणं कुठून डोकावतंय ते कळतं.

बॉडीचं प्लास्टिक साधारण १.२ मिमी जाड. गुणिले २४ म्हणजे जवळजवळ २९ मिमी. खऱ्या गाडीचा पत्रा एक मिमीसुद्धा नसतो. चाकावरच्या कमानीची कड बघा, तिथे हा जाडपणा थेट दिसतो. ती कड आतल्या बाजूने तिरपी घासून पातळ करायची, बाहेरची रेषा अजिबात हलू द्यायची नाही. पुढच्या जाळीच्या कडा, बंपरमधली भोकं आणि बॉनेटवरचे हवेचे झरोके यांनाही हाच न्याय.

दरवाजाची फट खऱ्या गाडीत ४ मिमीच्या आसपास, म्हणजे मॉडेलवर ०.१७ मिमी. बऱ्याच किटांत ती याच्या दुप्पट रुंद असते आणि वर उथळ.

आता रंग. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर सगळे थर मिळून ०.१ ते ०.१२ मिमी रंग असतो. मॉडेलवर प्रायमर (रंगाखालचा थर), रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) सढळ हाताने मारलं तर तेवढीच जाडी होते. गुणिले २४ केलं की गाडीवर अडीच मिमीचा लेप! फटी बुजतात, कोपरे गोल होतात, आणि वितळलेल्या साबणाच्या वडीसारखी गाडी समोर येते. ओघळ नाही म्हणजे रंग बरोबर आहे, असं नव्हे.

डबल_क्लच
साबणाची वडी! अगदी अगदी. तो शब्द सापडत नव्हता.

उगाचच
या हिशेबाने रंगात चिकटलेला धुळीचा एक कण म्हणजे बॉनेटवर ठेवलेला लिंबू.

लांबीवाला
चोवीसने_भागा यांच्याशी सहमत, पण रंगाच्याही आधी साच्याच्या रेघा. साच्याचे भाग जिथे मिळतात तिथे बॉडीवर केसाएवढी उंच रेघ उरते. पुढच्या-मागच्या मडगार्डच्या माथ्यावरून आणि मागच्या काचेशेजारच्या खांबावरून ती हमखास जाते. पांढऱ्या प्लास्टिकवर दिसत नाही, ग्लॉस रंग चढला की लखलखते. बोटाने नाही कळली तर टॉर्च आडवा धरून बघा.

क्रम असा ठेवा. सगळे रनर (ज्या चौकटींना पार्ट जोडलेले येतात त्या) भांडी धुण्याच्या द्रवात कोमट पाण्याने धुवायचे, साच्याचं तेल निघून जातं. मग रेघ ६०० च्या पॉलिश पेपरने, नंतर ८०० ने. पेपर बोटावर न गुंडाळता मऊ रबराच्या तुकड्यावर घ्या, नाहीतर रेघेच्या दोन्ही बाजूंना खळ्या पडतात. खड्डा राहिलाच तर लांबी (पुट्टी) भरा, पण एका दमात जाड भरू नका. आत ओली राहते आणि पंधरा दिवसांनी रंगासकट खाली बसते. पातळ भरा, वाळू द्या, पुन्हा भरा.

मग राखाडी प्रायमर. प्रायमर हा रंग चिकटण्यासाठी तर आहेच, पण त्याहून जास्त चुका दिसण्यासाठी आहे. दिसल्या की घासा, पुन्हा मारा.

किट लाल प्लास्टिकचं असेल आणि रंग पांढरा किंवा पिवळा हवा असेल तर सावध. प्लास्टिकमधला लाल रंग लॅकरच्या थिनरबरोबर वर चढतो आणि पांढरी गाडी दोन दिवसांत गुलाबी होते. प्रायमरनंतर चंदेरी रंगाचा एक सलग थर मध्ये घातला की तो अडवतो.

बारीक_फट
फटींबद्दल सविस्तर लिहिते, कारण घाईत सगळ्यात जास्त गाड्या इथेच बिघडतात.

फट प्रायमरच्या आधी खोल करायची. रंगानंतर टोकदार हत्यार लावलं की कडेचा टवका उडतो. रुंद करायची नाही, फक्त खोल. छिन्नीसारखं चपटं, ०.१५ मिमीचं पातं मिळालं तर उत्तम, नाहीतर ११ नंबरच्या ब्लेडची बोथट पाठ. ब्लेडची धार वापरू नका. धार प्लास्टिक बाजूला सारते, काढत नाही, त्यामुळे फटीच्या दोन्ही काठांना वरंबे उठतात.

हात हलका ठेवा. पहिल्या चार-पाच फेऱ्यांत जवळजवळ काहीच दाब नाही, नुसती वाट तयार करायची. मग थोडा दाब. सोलल्यासारखी दोरी निघायला लागली की बरोबर चाललंय. दरवाजाच्या खालच्या कोपऱ्यातल्या वळणावर हात घसरतो, तिथे सरळ ओढू नका, दोन्ही बाजूंनी कोपऱ्याकडे या. घसरलंच तर सुपरग्लूचा ठिपका भरा आणि वीस-तीस मिनिटांत घासून टाका. रात्रभर ठेवलात तर तो प्लास्टिकपेक्षा टणक होतो आणि घासताना आजूबाजूचं प्लास्टिक आधी झिजतं.

सगळ्या फटी सारख्या खोल करायच्या नाहीत. दरवाजा, बॉनेट, डिकी खोल. पेट्रोलच्या झाकणाची फट थोडी कमी. जिथे दोन पत्रे नुसते जोडलेले असतात, तिथे जेमतेम.

रंगारी_काका
आणि रंग सुकल्यावर त्या फटींत काळं वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग. संपला विषय.

बारीक_फट
काळं? पांढऱ्या गाडीवर काळी फट म्हणजे लहान मुलाने पेनाने काढलेला दरवाजा! पांढऱ्यावर मध्यम राखाडी, पिवळ्या-लाल गाडीवर गडद तपकिरी. काळं फक्त गडद निळ्या, काळ्या, गडद हिरव्या गाड्यांना.

रंगारी_काका
उन्हात उभी असलेली पांढरी गाडी बघा. फट काळीच दिसते.

बारीक_फट
चार पावलांवरून बघितली तर दिसते, काका. मॉडेल आपण एक फुटावरून बघतो, म्हणजे खऱ्या गाडीपासून चोवीस फुटांवर उभं राहून. तेवढ्या लांबून फट काळी दिसत नाही, बाजूच्या रंगाचीच गडद छटा दिसते. अपवाद फक्त खऱ्या पोकळीचा, म्हणजे पुढची जाळी, इंजिनाकडे उघडणारे झरोके वगैरे. तिथे काळं बरोबर.

रंगारी_काका
जाळीपुरता तह मान्य.

नटबोल्ट
वॉशवरून एक इशारा. टामियाचं पॅनेल लाइन ॲक्सेंट (फटींसाठीचं तयार वॉश) एनॅमल आहे आणि एनॅमलचं थिनर उघड्या प्लास्टिकमध्ये झिरपतं. जिथे ताण आहे तिथे प्लास्टिक तडकतं. म्हणजे दाबून बसवलेले ॲक्सल, स्क्रू घट्ट पिळलेली चॅसी, वाकवून बसवलेला बंपर. संध्याकाळी वॉश लावलं, सकाळी ॲक्सल दोन तुकड्यांत. म्हणून वॉश नेहमी रंगावर किंवा क्लिअरवर, आणि शक्यतो जोडणीच्या आधी. पुसताना कापसाची काडी थिनरमध्ये बुडवून टिपकागदावर टेकवा, ओली नको, नुसती दमट हवी. आणि फटीला आडवी फिरवा. फटीच्या दिशेने फिरवली तर आतलं वॉशही निघून येतं.

आणि थरांचा नियम राहिलाच. लॅकरवर एनॅमल चालतं, एनॅमलवर लॅकर चालत नाही, खालचा थर सुरकुततो. टामियाचे टीएस स्प्रेचे डबे लॅकर आहेत, त्यामुळे ते खाली, वॉश वर.

चिमटा
हे सगळं भारीच. पण मग रंग पातळ मारायचा कसा? डब्यातून तर तो भसाभसा येतो.

रंगारी_काका
डबा कोमट पाण्यात पाचेक मिनिटं उभा ठेवा. कोमट म्हणजे हात घालून बसता येईल इतपतच. गरम पाणी, गॅस, हीटर यांच्या जवळपाससुद्धा नेऊ नका, डबा फुटतो. कोमट डब्याचा फवारा बारीक होतो. डबा दोन मिनिटं हलवा. अंतर २०-२५ सेंमी. फवारा गाडीच्या बाहेर सुरू करा आणि बाहेरच थांबवा.

पहिले दोन थर नुसते भुरभुरवायचे, खालचं प्रायमर दिसत राहिलं तरी चालेल. मध्ये दहा-पंधरा मिनिटं. तिसरा थर ओला, म्हणजे पृष्ठभाग काचेसारखा दिसेल इतकाच. अजून थोडं मारावं असं जेव्हा वाटेल, तेव्हा डबा खाली ठेवायचा. ओघळ नेमका त्या 'अजून थोडं'मध्येच असतो.

दमट हवेत मारू नका. थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग दुधाळ होतो. झालाच तर घासायला धावू नका. कोरड्या दिवशी रिटार्डर (सुकणं लांबवणारा द्रव) घातलेल्या थिनरचा अगदी हलका फवारा दिला की बहुतेक वेळा मूळ चमक परत येते.

एअरब्रश असेल तर ०.३ मिमीची नोझल, हवेचा दाब १५ ते २० पीएसआय, रंगात निम्म्याहून जास्त थिनर. घट्टपणा दुधाइतका, सायीइतका नाही. डब्यातला रंग भांड्यात काढून एअरब्रशने मारायचा असेल तर काढल्यावर सैल झाकून काही तास राहू द्या. त्यात वायू विरघळलेला असतो. लगेच वापरला तर बॉडीवर बुडबुडे येतात, आणि झाकण घट्ट लावलं तर ते तुमच्या तोंडावर उडतं.

उगाचच
काका, तोंडावरची टीएस-८ इटालियन रेड कशाने पॉलिश करावी?

रंगारी_काका
१०००च्या वॉटर पेपरने सुरुवात करा.

झगमग
मेटॅलिक रंगाबद्दल कुणी बोललं नाही. खऱ्या गाडीसाठी बनवलेला मेटॅलिक रंग मॉडेलवर मारू नका. त्यातली चमकी खऱ्या आकाराची असते, १:२४ वर ती सांडलेल्या साखरेसारखी दिसते. मॉडेलसाठीचे बारीक चमकीचे रंग घ्या, त्यातही डब्याच्या टोपीवरच्या नमुन्यापेक्षा चमच्यावर मारून बघा.

दुसरं, बॉनेट, डिकी, आरसे, सुटा बंपर हे सगळं आतून टेप लावून बॉडीवर जागच्या जागी बसवा आणि एकत्र रंगवा. मेटॅलिकची चमकी फवाऱ्याच्या दिशेने लोळते. बॉनेट टेबलावर आडवं ठेवून वेगळं रंगवलं तर डबा तोच असूनही छटा वेगळी येते. अपघातानंतर दुसऱ्या गाडीचं बॉनेट लावल्यासारखी.

आरसपानी
क्लिअर म्हटलं की टूके. दोन भागांचं युरेथेन. दोन थरांत काचेसारखं, पॉलिश जवळजवळ नाही, पेट्रोल सांडलं तरी ढिम्म. लॅकर क्लिअर महिनाभर आक्रसत राहतं, टूके नाही.

लांबीवाला
आणि जाडी? टूकेचे दोन ओले थर म्हणजे फटींचा निकाल. चमक इतकी खोल येते की गाडी मधात बुडवल्यासारखी दिसते. धाग्याचा प्रश्नच तो आहे! साठच्या दशकातल्या सलून गाडीला अशी चमक कारखान्यातून कधी आलीच नव्हती.

आरसपानी
आजच्या स्पोर्ट्स कारला येते की. पातळ करून मारा.

नटबोल्ट
वाद घाला, पण नवे लोक वाचत असतील म्हणून ठळकपणे लिहितो. टूकेच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा वास येत नाही, त्यामुळे मास्क पुरेसा आहे की नाही हे नाकाला कळत नाही. एकदा शरीराला त्याची ॲलर्जी जडली की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही दम्याचा झटका येऊ शकतो. त्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क, हातमोजे, डोळ्यांवर चष्मा आणि बाहेर हवा फेकणारं बूथ लागतं. हे नसेल तर टूके नाही. टीएस-१३ क्लिअर पुरतं. लॅकरलाही सेंद्रिय वाफेचं फिल्टर असलेला मास्क हवाच, कापडी रुमाल म्हणजे काहीच नाही.

डबल_क्लच
+१. फुप्फुसं १:१ च आहेत.

घासून_पुसून
लॅकर क्लिअरवरच येते. आधी ते पूर्ण वाळलं पाहिजे. परीक्षा सोपी आहे, नाक जवळ नेऊन हुंगा. थिनरचा वास येतोय तोवर हात लावायचा नाही. आठवडा धरा, थर जास्त असतील तर दोन.

मग कडांवर आणि उंच रेषांवर मास्किंग टेपची अर्धा मिमीची पट्टी. सगळ्या घासाईत रंग निघून प्लास्टिक दिसतं ते तिथेच, कारण ओला रंग कडेवरून ओढला जातो आणि तिथे थर मुळातच पातळ असतो. सपाट भाग २००० ने पाण्यात, साबणाचा एक थेंब टाकून. रंगाला संत्र्याच्या सालीसारखा जो पोत येतो त्याचे खळगे चमकत राहतात आणि उंचवटे मंद होतात. सगळं सारखं मंद झालं की थांबा. पुढे ३०००, ४०००, ६०००. मग टामियाची कंपाउंड, आधी फाइन, मग फिनिश. कोर्स (खरखरीत) कंपाउंडला हात लावायची वेळ आली तर २००० चं काम अर्धवट राहिलंय असं समजा. शेवटी कडांची टेप काढून तिथे फक्त फिनिश. फटींत अडकलेलं पांढरं कंपाउंड मऊ टूथब्रशने पाण्याखाली काढा, आणि वॉश त्यानंतर. आधी वॉश केलं तर कंपाउंड ते खाऊन टाकतं.

डेकल क्लिअरखाली असतील तर पहिले दोन थर भुरभुरते हवेत. पहिलाच थर ओला पडला तर थिनर डेकलला सुरकुत्या पाडतं.

कपाटभर_किट
इतकं वाचून किट उघडायचंच राहून गेलं. तसंच ठेवतो, चोवीस आहेत, एकाने काय फरक पडतो.

तिरपी_चाकं
रंगावर शंभर ओळी झाल्या आणि चाकांवर एक नाही. गाडी खेळणं दिसायचं पहिलं कारण चाकं आहेत.

उंची: १ मिमी म्हणजे खऱ्यातले २४ मिमी. किटची गाडी दीड मिमी उंच उभी असेल तर ती साडेतीन सेंमी उचललेली दिसते. खऱ्या गाडीचा बाजूने काढलेला फोटो घ्या, टायरचा माथा आणि कमानीची कड यांतलं अंतर टायरच्या उंचीच्या किती पट आहे ते बघा आणि तेवढंच ठेवा. हे रंगाच्या आधी, सगळं टेपने तात्पुरतं जोडून तपासायचं. नंतर ॲक्सलची जागा बदलणं म्हणजे चॅसी फोडणं. चारही चाकं टेकतात का, तेही काचेच्या तुकड्यावर ठेवून बघा. एक चाक हवेत असलं की खलास.

टायर: साच्यातून आलेला टायर चकचकीत असतो आणि मधोमध त्याला रेघ असते. ३२० च्या पेपरवर फिरवून जमिनीला टेकणारा भाग घासा, रेघ जाते आणि रबर वापरलेलं दिसतं. बाजूच्या भिंतीवर मॅट क्लिअरचा हलका फवारा.

रिम: नुसता चंदेरी रंग नको. काळपट वॉश नटांच्या खळग्यांत, आणि मागे ब्रेक डिस्क दिसत असेल तर तिच्या टेकणाऱ्या पट्ट्याला स्टीलचा रंग, मधल्या भागाला वेगळा राखाडी.

अवांतर: जुन्या किटांतले मऊ टायर प्लास्टिकला चिकटवून ठेवू नका. टायरमधला मऊपणा आणणारा पदार्थ बाहेर येऊन रिम आणि काचा वितळवतो. पिशवी वेगळी.

कुतूहल
अवांतर चाललंच आहे तर विचारतो, १:२४ आणि १:२५ अशी दोन मापं शेजारी शेजारी कशाला?

चोवीसने_भागा
१:२४ म्हणजे फुटाला अर्धा इंच, फूटपट्टीवाल्यांची सोय. अमेरिकेत एएमटी वगैरे किट कंपन्यांची सुरुवात शोरूमसाठीच्या प्रचार मॉडेलांपासून झाली आणि ती १:२५ मध्ये होती, किटांनीही तेच पुढे चालवलं. साडेचार मीटरची गाडी १:२४ मध्ये १८७.५ मिमी, १:२५ मध्ये १८०. कपाटात शेजारी ठेवल्या तर कळत नाही, पण एकाचं इंजिन दुसऱ्यात घालायला गेलात की कळतं. १:४३ हे माप ओ गेजच्या मॉडेल रेल्वेबरोबर आलं, आगगाडीच्या देखाव्यात उभ्या करायच्या मोटारी म्हणून.

क्रोमभक्त
किटच्या क्रोमबद्दल. रनरवरचं ते आरशासारखं क्रोम म्हणजे प्लास्टिकवर लॅकर आणि त्यावर ॲल्युमिनियमची वाफ. फार चमकतं, आणि पार्ट कापला की टोकाला पांढरा डाग. कपडे पांढरे करायच्या ब्लीचमध्ये बुडवा, काही मिनिटांत धातू निघून जातो. हातमोजे घाला, आणि ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळू नका. खाली पिवळसर लॅकर उरलं तर तेही काढा, नाहीतर बारीक नक्षी बुजलेलीच राहते. मग चकचकीत काळा रंग, तो पूर्ण वाळला की त्यावर अल्क्लॅड कंपनीचं क्रोम, १२-१५ पीएसआयवर, धुक्यासारखं. जास्त मारलं की क्रोम जाऊन राखाडी होतं. इथे कंजूषपणाच कामाला येतो.

काचेभोवतीच्या पट्ट्यांना बेअर मेटल फॉइल, म्हणजे मागे डिंक असलेला धातूचा अगदी पातळ कागद. पट्टीपेक्षा मोठा तुकडा कापा, बसवा, कापसाच्या काडीने दाबा, मग टूथपिकने कड खोचा. कापताना ब्लेड कोरं करकरीत. जुनं ब्लेड फॉइल फाडतं, मग माणूस दाब वाढवतो आणि खालचा रंग कापला जातो.

आणि एक जुनी युक्ती. डिकीवरची उठावाची अक्षरं रंगवायच्या भानगडीत पडू नका. प्रायमरनंतर अक्षरांवर फॉइलचा तुकडा दाबून बसवा, त्यावरून गाडीचा रंग मारा. रंग वाळला की क्लिअरच्या आधी सपाट पट्टीला कापड गुंडाळून, थिनरने जेमतेम दमट करून अक्षरांच्या माथ्यावरून फिरवा. माथ्यावरचा रंग जातो, खालचं फॉइल उघडं पडतं. अक्षरं इतकी स्वच्छ कुठल्याही ब्रशने येणार नाहीत.

डबल_क्लच
ही युक्ती वाचून दोन मिनिटं गप्प बसलो.

बारीक_फट
हेडलाइट! कुणीच नाही बोललं? पारदर्शक काचेच्या मागे मधोमध पिन असते, ती मागच्या चंदेरी वाटीत बसते. समोरून ती ठिपक्यासारखी दिसते आणि गाडीला डोळ्यात बाहुली आल्यासारखं होतं. घाबरलेला मासा. पिन कापा, जागा ६००० पर्यंत पॉलिश करा, वाटीतलं भोक बुजवा, वाटीला फॉइल किंवा क्रोम. काच पांढऱ्या डिंकाने किंवा विमानाच्या कॅनॉपीसाठी मिळतो त्या डिंकाने चिकटवा. सुपरग्लूची वाफ पारदर्शक पार्टवर पांढरी साय धरते आणि ती काचेच्या आतून असते, पुसता येत नाही.

नटबोल्ट
इंजिन उघडं ठेवणार असाल तर प्लगच्या वायरी. खऱ्या ७-८ मिमी, म्हणजे ०.३ मिमीची वायर. बाजारात १:२४ म्हणून अर्ध्या मिमीचीही मिळते, ती लावली की इंजिनावर पाण्याचे पाइप दिसतात. ०.३५ चं ड्रिल, पिन व्हाइसमध्ये, हाताने. व्ही-८ च्या डिस्ट्रिब्युटरला भोकं आठ नाहीत, नऊ. मधली कॉइलची. फायरिंग ऑर्डरप्रमाणे लावा. शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉकची १-८-४-३-६-५-७-२, साध्या चार सिलिंडरची बहुधा १-३-४-२.

उगाचच
चुकीची लावली तर मॉडेल मिसफायर होतं का?

नटबोल्ट
हो. प्रदर्शनात, परीक्षकासमोर.

आतली_बाजू
आतल्या भागाचं थोडक्यात. शुद्ध काळा वापरू नका, गडद राखाडी वापरा, म्हणजे सावल्यांना जागा उरते. डॅशबोर्ड मॅट, सीट किंचित चमकदार, स्टिअरिंग त्याहून किंचित जास्त. सीटबेल्ट खरा ४८ मिमीच्या आसपास, म्हणजे बरोबर २ मिमीची पट्टी. मास्किंग टेपची चालते, बकल फोटोएचचे, म्हणजे रसायनाने कोरलेल्या पातळ पत्र्याचे. कापडी रिबीन नको, तिची वीण चोवीसपट होऊन गोणपाट दिसते. गालिच्याला फ्लॉकिंग (बारीक धागे चिकटवणं) करताना धागा अर्ध्या मिमीचा असेल तर खऱ्यात तो १२ मिमी होतो. सलून गाडीत लोकरीची सतरंजी. त्यापेक्षा एम्बॉसिंग पावडर बरी. आणि फ्लॉकिंगने तळाची जाडी वाढते, सीट वर येते, छताला भिडते. आधी बसवून बघा.

फोटोएच कापताना पार्ट पारदर्शक पिशवीत धरून कापा. आरशाचा दांडा एकदा उडाला की जमीन गिळते, ढेकरही देत नाही.

चिमटा
सगळ्यांना दंडवत. पण माझी गाडी झालेली आहे, क्लिअरसकट. फोटो टाकलाय. आता यात काय होऊ शकतं?

चोवीसने_भागा
फोटो बघितला. आधी फोटोचंच बोलू, कारण अर्धं खेळणं त्यातच आहे. वरून, जवळून, मोबाइलच्या रुंद लेन्सने काढलाय. नाक फुगलंय आणि मागची चाकं धूसर आहेत. उभ्या माणसाचा डोळा १.६ मीटरवर, भागिले २४ म्हणजे जेमतेम पावणेसात सेंमी. लेन्स त्या उंचीवर आणा. मागे सरका, मग झूम करा. मोठा कॅमेरा असेल तर एफ-१६ आणि तिवई, म्हणजे नाकापासून डिकीपर्यंत सगळं स्पष्ट येईल. दिवा एकच, लांबून. सूर्य एकच असतो.

तिरपी_चाकं
गाडीचं: टायर चकचकीत आहेत. काढून घासा, पंधरा मिनिटं.

बारीक_फट
फटी रिकाम्या आहेत, रंग क्रीम आहे. तपकिरी-राखाडी वॉश. काळं नाही, काका काहीही म्हणोत. आणि हेडलाइटमध्ये मासा आहे.

आतली_बाजू
सायलेन्सरचं टोक भरीव आहे. आधी टाचणीने मध्य खुणवा, मग १ मिमीचं ड्रिल, मग दीड, कड कागदाइतकी पातळ होईपर्यंत. आत मॅट काळा.

रंगारी_काका
रंगाला हात लावू नका. जाड आहे, पण सारखा आहे. पातळ पुढच्या गाडीला मारा.

चिमटा
टायर घासले, वॉश झालं (राखाडी, काका माफ करा). पावणेसात सेंमीवरून फोटो काढला, खाली टाकलाय. डावा हेडलाइट काढताना पिन तुटून आत अडकली, पण ती कापायचीच होती. उजवा निघत नाहीये, सुपरग्लूने लावलेला आहे. तूर्तास गाडी डोळा मारतेय.

क्रोमभक्त
ओढू नका. अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा, थंडीने सुपरग्लू ठिसूळ होतो. मग पातळ ब्लेड कडेने आत सरकवा, उचकटू नका, नुसतं पिळा.

उगाचच
आणि फ्रीझरवर चिठ्ठी लावा, नाहीतर घरचे पार्किंगचे पैसे मागतील.